पगार लांबणाऱ्या स्टार्टअपमध्ये थांबावे की निघावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बाणेरला कार्यालय असलेल्या, सुमारे नव्वद माणसांच्या एका सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये आपण तीन वर्षे काम करीत आहात आणि आपल्या हाताखाली सहा जण आहेत. गेल्या दोन महिन्यांचा पगार उशिरा आणि दोन हप्त्यांत झाला, पीएफच्या पासबुकात चार महिन्यांची नोंद नाही, गुंतवणुकीची फेरी ‘जवळजवळ पूर्ण झाली आहे’ असे संस्थापक प्रत्येक बैठकीत सांगतात, आणि आपल्या ईसॉप्सचा, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काचा, पुढचा हिस्सा चार महिन्यांनी हाती यायचा आहे. थांबावे की निघावे, अडकलेले पैसे कसे मिळवावेत आणि हाताखालच्या मंडळींना काय सांगावे, असे आपण विचारले आहे. मी वीसेक वर्षे लहान आणि मध्यम कंपन्यांची पगारपत्रके आणि कामगार कायद्यांची कामे सांभाळते, त्यामुळे अशा कंपन्यांचा हिशेब आतून पाहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

निष्कर्ष आधी सांगते. दुसरी नोकरी शोधायला आजच लागा, दुसरे नियुक्तीपत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, आणि मधल्या काळात कंपनीकडे धनको ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने पाहा. महिनाभर काम करून झाले आणि पगार आला नाही, तर त्या दिवशी आपण कंपनीला उसने पैसे दिलेले असतात, तेही बिनव्याजी, बिनतारण आणि कागदाविना. बँक कर्ज देताना ताळेबंद मागते आणि मर्यादा ठरवते. कर्मचारी यातले काहीच करीत नाही, कारण आपण कर्ज देत आहोत हे त्याच्या लक्षातच येत नाही. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या बंगळूरच्या डन्झो या कंपनीने २०२३ मध्ये पगार लांबणीवर टाकले तेव्हा थकलेल्या रकमेवर वार्षिक १२ टक्के व्याज देण्याचे कर्मचाऱ्यांना सांगितले होते. म्हणजे ही रक्कम कर्ज आहे हे कंपनीलाच मान्य होते. रिलायन्स रिटेलसारख्या गुंतवणूकदाराचे पाठबळ असूनही २०२५ च्या जानेवारीत त्या कंपनीची सेवा बंद पडली. मोठा गुंतवणूकदार पाठीशी आहे यावरून आपला पगार सुरक्षित आहे असा अर्थ काढता येत नाही, एवढे यातून घ्यावे.

महिनाअखेरीस हिशेबाच्या खोलीत काय घडते ते समजून घेतले तर बाहेर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. खात्यात आवश्यक रकमेच्या साठ टक्केच शिल्लक आहे असे धरा. सर्वांत आधी क्लाउड सर्व्हरचे बिल भागवले जाते, कारण ते थकले की उत्पादनच बंद पडते आणि ग्राहक त्याच दिवशी निघून जातात. मग ज्या ग्राहकाचे काम अर्धे झाले आहे त्या कामावरच्या चार-पाच जणांचा विचार होतो. त्यानंतर पगारांची पाळी येते, आणि त्यातही कमी पगाराच्या मुलांचे पगार आधी सोडले जातात, कारण माणसे जास्त आणि रक्कम कमी असल्याने थोड्या पैशांत बराच असंतोष शमतो. कार्यालयाचे भाडे अनामत रकमेच्या भरवशावर महिनाभर रेटता येते. सगळ्यात शेवटी सरकारी भरणे उरतात, म्हणजे पीएफ, टीडीएस (पगारातून कापलेला प्राप्तिकर) आणि व्यवसाय कर. त्यांसाठी दुसऱ्या दिवशी कोणी फोन करीत नाही, नोटीस यायला काही महिने जातात, आणि कर्मचारी हातात पडलेली निव्वळ रक्कम तेवढी पाहत असल्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे पीएफ चार महिने थकला आणि पगार दोनच महिने लांबला, याचे कारण हा क्रम आहे. कंपनीची ओढाताण आपण समजता त्याच्या दोन महिने आधीच सुरू झालेली होती.

ती चार महिन्यांची रक्कम किती असते हेही पाहू. पुष्कळ स्टार्टअप पीएफ १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच भरतात, म्हणजे कर्मचाऱ्याचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० मिळून माणशी ३,६०० रुपये. आपल्याकडेही तसेच असेल तर नव्वद माणसांचे महिन्याला ३ लाख २४ हजार होतात. आपल्या दृष्टीने पासबुकातील तूट साडेचौदा हजारांच्या आसपास असेल आणि ती फार मोठी वाटणार नाही. परंतु बाणेरला कार्यालय चालवणाऱ्या आणि नव्वद जणांना सॉफ्टवेअर क्षेत्रातले पगार देणाऱ्या कंपनीला महिन्याकाठी सव्वातीन लाख काढता येत नसतील, तर पुढच्या फेरीच्या बोलण्यापेक्षा हा आकडा अधिक विश्वासार्ह आहे.

अशा कंपन्यांतून बाहेर पडलेले लोक जे अनुभव सांगतात त्यांत विलक्षण सारखेपणा असतो. प्रवासखर्चाची आणि इतर बिले प्रथम अडकतात. कॉफीचे यंत्र भाड्याने दिलेला माणूस ते एक दिवस उचलून नेतो. आर्थिक विभागाचा प्रमुख ‘वैयक्तिक कारणास्तव’ जातो आणि त्याच्या जागी बराच काळ कोणी येत नाही. याला मी फार महत्त्व देते, कारण खात्यातील शिल्लक ठाऊक असलेला माणूस सहसा सर्वांत आधी निघतो. मग सर्व कर्मचाऱ्यांच्या सभा वाढतात, त्यांत आकडे कमी आणि भविष्याचे चित्र अधिक असते, आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य पूर्वीपेक्षा जास्त वेळा ऐकू येते. ज्यांना बाहेर लगेच नोकरी मिळते ते निघून जातात आणि त्यांचे काम उरलेल्यांवर पडते. पगार निम्मा आणि काम दीडपट अशी अवस्था येते. तरीही माणसे थांबतात. कोणाचा वाकडच्या सदनिकेचा हप्ता चालू असतो, कोणी नुकतेच शिक्षण संपवून आलेले असते आणि वर्ष पूर्ण झाल्याशिवाय अनुभव मोजला जाणार नाही अशी भीती त्याला असते, तर कोणाला आयुष्यभर सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांसमोर ‘कंपनी बुडते आहे’ हे बोलवत नाही. आणि बरेच जण केवळ यासाठी थांबतात की त्यांनी ते उत्पादन स्वतःच्या हाताने उभे केलेले असते. हे शेवटचे कारण मी हलके मानत नाही. पण घेतलेल्या कष्टांचा मोबदला थांबून वसूल होतो हा समज हिशेबात टिकत नाही, कारण थांबलेल्या प्रत्येक महिन्याने थकबाकी वाढतच जाते.

संस्थापक खोटे बोलत आहेत का, असेही आपण अप्रत्यक्ष सुचवले आहे. माझा अनुभव असा की बहुतेक संस्थापकांचा स्वतःच्या बोलण्यावर प्रामाणिक विश्वास असतो, आणि त्यामुळेच ते इतके पटण्यासारखे बोलतात. फेरी ‘होत आली’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की एखाद्या गुंतवणूकदाराने टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद, दिली आहे किंवा देण्याचे बोलला आहे. टर्म शीटमधील गुंतवणुकीचे कलम साधारणतः बंधनकारक नसते. त्यानंतर कंपनीच्या कागदपत्रांची कसून तपासणी होते, आणि त्या तपासणीत थकलेला पीएफ आणि न भरलेला टीडीएस हटकून सापडतो. ज्या पैशांच्या आशेवर हे भरणे थांबवले, ते पैसे याच थकबाकीमुळे अडले, असेही मी पाहिले आहे. म्हणून संस्थापकांना विचारायचे असेल तर ‘फेरी कधी होणार’ हे विचारू नका. खात्यात आज किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, सरकारी भरणे कोणत्या महिन्यापर्यंत झालेले आहेत आणि त्यांनी स्वतःचा पगार किती कमी केला आहे, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आकड्यांत आले तर बोलणी पुढे नेण्यात अर्थ आहे. भाषणात आले तर उत्तर मिळाले असे समजा. शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीची जाहीर कागदपत्रे पाहता येतात. शेवटचे वार्षिक हिशेब कधी दाखल झाले, कंपनीच्या मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे आणि मधल्या काळात लेखापरीक्षक किंवा संचालक यांनी राजीनामे दिले आहेत का, हे तिथे दिसते. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीच्या बाबतीत २०२३ च्या जूनमध्ये डेलॉइट या लेखापरीक्षक संस्थेने आणि संचालक मंडळावरील तीन गुंतवणूकदार प्रतिनिधींनी पद सोडल्याचे उघड झाले होते. पगारांची ओढाताण त्यानंतरच्या काही महिन्यांत, २०२४ च्या सुरुवातीस, सर्वांसमोर आली.

आता आपल्या पैशांकडे येऊ. पीएफचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो आणि त्यानंतर काही दिवसांत तो पासबुकात दिसू लागतो, तेव्हा चार महिन्यांची पोकळी म्हणजे संगणकातील विलंब नव्हे. कंपनीचा हिस्सा न भरणे ही थकबाकी झाली. परंतु आपल्या पगारातून हिस्सा कापून तो न भरणे याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ च्या स्पष्टीकरणानुसार फौजदारीपात्र न्यासभंग समजले जाते. हा फरक संस्थापकांना बहुधा ठाऊक नसतो, आणि तो शांतपणे लेखी कळवला तर इतर कोणत्याही धमकीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. प्रथम कंपनीला ई-मेल करावा, पंधरा दिवसांत भरणा झाला नाही तर ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, तक्रार पोर्टलवर यूएएन (आपला कायमचा पीएफ क्रमांक) आणि पगारचिठ्ठ्या जोडून तक्रार करावी. ही तक्रार नोकरीत असतानाही करता येते. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: नवी कंपनी पार्श्वभूमी पडताळणी करताना अनेकदा यूएएनवरील नोंदी तपासते, आणि चार महिने भरणा नसेल तर त्या काळात आपण नोकरीत होता का, असा प्रश्न निघतो. पगारचिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे जवळ असले म्हणजे त्याचे उत्तर देता येते. जुन्या कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखच नोंदवली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः नोंदवण्याची सोय आहे.

टीडीएसचे दुखणे याहून उशिरा कळते. कंपनीने कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असला, तरी आपल्या २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या प्राप्तिकर विभागाच्या उताऱ्यात, तो तिमाही विवरणपत्र दाखल झाल्यावरच दिसतो. म्हणून एखाद-दुसऱ्या महिन्यावरून घाबरू नये, पण संपलेल्या तिमाहीची नोंद मुदत उलटूनही दिसत नसेल तर चौकशी करावी. पगारातून कर कापला गेला होता हे सिद्ध करता आले, तर कंपनीने न भरलेला तो कर प्राप्तिकर विभागाला कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्याच प्रकरणात हे स्पष्ट केले आहे, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या आहेत. तरीही व्यवहारात संगणक २६एएस पाहतो आणि मागणीची नोटीस पाठवतो, मग पगारचिठ्ठ्यांसह उत्तर देत बसावे लागते. त्यात भर म्हणजे पगाराचे उत्पन्न ‘देय’ झाले की करपात्र होते, हातात पडले नाही तरी. म्हणजे मार्चपर्यंतचा थकलेला पगार कंपनीच्या दाखल्यात उत्पन्न म्हणून दाखवला जाऊ शकतो आणि न मिळालेल्या पैशांवर कराचा हिशेब करण्याची वेळ येते. विवरणपत्र भरताना हे सनदी लेखापालाला आवर्जून सांगावे.

ईसॉप्ससाठी चार महिने थांबावे का, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: केवळ त्यासाठी थांबू नये. ईसॉप म्हणजे शेअर नव्हे; ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा तो हक्क असतो. नोकरी सोडल्यावर हा हक्क बजावण्यासाठी बऱ्याच योजनांत ९० दिवसांच्या आसपास मुदत असते, तेव्हा खिशातून पैसे घालावे लागतात, आणि त्या दिवशीचे मूल्यांकन बजावणी किमतीपेक्षा जास्त असेल तर फरकावर पगाराप्रमाणे कर लागतो. मूल्यांकन मात्र जुन्या, चांगल्या दिवसांतल्या फेरीच्या आधारे केलेले असू शकते. त्याहून महत्त्वाचा आहे तो गुंतवणूकदारांचा अग्रहक्क. समजा गुंतवणूकदारांनी आजवर ६० कोटी घातले आहेत आणि करारानुसार तेवढी रक्कम त्यांना आधी मिळायची आहे. कंपनी अडचणीत येऊन ४० कोटींना विकली गेली, तर सगळे ४० कोटी त्यांच्याकडे जातात आणि सामान्य शेअरधारकांच्या, म्हणजेच आपल्या, वाट्याला काही उरत नाही. वर्तमानपत्रात मात्र ‘४० कोटींना विक्री’ असा मथळा येतो आणि नातेवाईक पेढे मागतात. आपल्या कंपनीत आजवर किती गुंतवणूक झाली आहे हा आकडा मिळवा, आज ती कितीला विकली जाईल याचा निष्ठुर अंदाज करा, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल तर तो कागद विसरून जा. थकलेल्या पगाराच्या बदल्यात आणखी ईसॉप्स देण्याचा प्रस्ताव आला तर तो याच कारणासाठी नाकारावा.

पगाराच्या वसुलीसंबंधी कायद्याची स्थिती अलीकडे बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो, आणि राजीनामा दिला, काढून टाकले किंवा आस्थापना बंद पडली तर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचे असते. पूर्वीचा वेतन प्रदान कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता, त्यामुळे संगणक अभियंते त्याच्या बाहेर पडत. नव्या संहितेत वेतन वेळेवर देण्याच्या तरतुदीला तशी मर्यादा नाही आणि व्यवस्थापकही तिच्या कक्षेत येतात. दावा दाखल करण्याची मुदतही पूर्वीच्या एका वर्षावरून तीन वर्षे झाली आहे. नोकरकपातीच्या भरपाईचा प्रश्न मात्र वेगळा आहे. एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. ‘टीम लीड’ हे पद पाहून हे ठरत नाही, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहून ठरते. आपण स्वतः प्रामुख्याने कोड लिहीत असाल आणि रजा मंजूर करणे, वेतनवाढ ठरवणे असे अधिकार आपल्याला नसतील, तर आपण कामगार आहात असा युक्तिवाद उभा राहू शकतो. त्यासाठी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवावेत. पुण्यात नाइट्ससारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी कामगार खात्याकडे नेत असते. एकट्याने जाण्यापेक्षा दहा-बारा जणांनी मिळून जाण्याचा परिणाम निश्चितच वेगळा होतो.

या सगळ्याचा पाया म्हणजे कागद. नियुक्तीपत्र, वेतनवाढीची पत्रे, पगारचिठ्ठ्या आणि रजेची शिल्लक हे सर्व आजच वैयक्तिक ई-मेलवर घ्या, कारण सेवा संपली की कंपनीचे खाते त्याच संध्याकाळी बंद होते. कंपनीचा कोड, ग्राहकांची यादी किंवा किंमतपत्रके यांना मात्र हात लावू नका. आपल्या न्याय्य दाव्याला उत्तर म्हणून माहिती चोरल्याचा आरोप पुढे करण्याची संधी त्यामुळे कंपनीला मिळते. त्यानंतर हिशेब विभागाला एक साधा ई-मेल लिहा, की अमुक महिन्यापर्यंत माझे इतके निव्वळ वेतन, इतका प्रवासखर्च आणि इतका पीएफ येणे आहे, कृपया रकमेस दुजोरा द्यावा. ‘हो, ही रक्कम देय आहे, फेरी झाल्यावर देऊ’ असे उत्तर आले तर कंपनीने थकबाकी लेखी मान्य केली असे होते. भांडून मिळणार नाही असा हा पुरावा नम्रतेने मिळतो.

राजीनाम्याची वेळ येईल तेव्हा त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नये. वेतन वेळेवर न मिळाल्यामुळे सेवा सोडत आहे, हे एका वाक्यात आणि थकलेल्या रकमेसह लिहावे. नोकरकपात करतानाही कंपन्या ‘तुम्ही स्वतः राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगले देऊ’ असे सुचवतात. त्यातून कंपनीची भरपाई वाचते आणि आपला दावा दुबळा होतो. अंतिम हिशेबाच्या कागदावर ‘सर्व रक्कम मिळाली, कोणताही दावा उरलेला नाही’ अशी ओळ असते, ती रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी सही करू नये. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये टायनीआऊल या मुंबईच्या कंपनीने आपल्या पुण्यातील कार्यालयात कपात केली, तेव्हा अंतिम हिशेबाचे पैसे मिळेपर्यंत कर्मचाऱ्यांनी एका सहसंस्थापकाला कार्यालयातच थांबवून ठेवले होते. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, पण एखाद्याला अडवून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि पैसे मागणारा त्यात आरोपी होऊन बसतो. पुढच्या तारखांचे धनादेश देऊ केले तर ते नाकारण्याचे कारण नाही. धनादेश वटला नाही तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि ते उलटल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार, असा मार्ग खुला होतो. पुढे कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तरी त्या व्यवहाराला जबाबदार असलेल्या संचालकांवर हा खटला चालू राहू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. वेळेची ही साखळी एका दिवसानेही चुकवू नये.

दिवाळखोरीची भीती दाखवून किंवा आशा लावून अनेक जण सल्ले देतात, म्हणून त्याबद्दलही लिहिते. थकबाकी किमान १ कोटीची असल्याशिवाय कंपनीविरुद्ध अशी प्रक्रिया सुरू करता येत नाही. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. त्यामुळे एकट्या कर्मचाऱ्याला हा मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. दुसऱ्या कोणी तो सुरू केला तर मात्र आपण जागे असले पाहिजे. बायजूजविरुद्धची प्रक्रिया भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून १६ जुलै २०२४ रोजी सुरू झाली, आणि पगार अडकलेले कर्मचारीही त्या क्षणी दावेदारांच्या रांगेत आले. अशा वेळी वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि त्यात दिलेल्या मुदतीत ‘फॉर्म डी’ भरून, प्रक्रिया सांभाळण्यासाठी नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाकडे दावा नोंदवावा लागतो. कंपनीला आपली थकबाकी ठाऊक आहे म्हणून दावा आपोआप धरला जाईल, या समजुतीत राहू नये. प्रक्रिया चालू असताना कंपनीविरुद्धचे इतर दावे स्थगित होतात. अखेर मालमत्ता विकण्याची वेळ आली तर कामगारांची २४ महिन्यांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने आणि इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार त्यांच्यानंतर येतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे निधी मात्र विक्रीच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. सॉफ्टवेअर कंपनीकडे विकण्याजोगे लॅपटॉप आणि खुर्च्यांपलीकडे फारसे काही नसते, तेव्हा या रांगेतून मोठी रक्कम मिळेल अशी अपेक्षा ठेवून आज निर्णय घेऊ नये.

थांबणे योग्य ठरले अशा कंपन्याही मी पाहिल्या आहेत. एका कंपनीत दोन्ही संस्थापकांनी स्वतःचा पगार पूर्ण थांबवला, मग टप्प्याटप्प्याने जास्त पगाराच्या लोकांची जास्त आणि नव्या मुलांची शून्य अशी पगारकपात केली, पीएफ आणि टीडीएस एकही महिना चुकू दिला नाही, आणि दर सोमवारी बँकेतील शिल्लक सर्वांना सांगितली. तिथले लोक थांबले आणि त्यांचे पैसेही मिळाले. आपल्याकडे यापैकी काय घडते आहे हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. माझा स्वतःचा नियम असा की सरकारी भरणे नियमित असतील तर एका महिन्याच्या पगाराएवढी उसनवारी सहन करावी. कापलेला पीएफ भरला जात नसेल तर तेवढीही करू नये. आपल्या प्रकरणात ही मर्यादा ओलांडली गेली आहे, म्हणून मी सुरुवातीसच नोकरी शोधण्यास सांगितले. मुलाखतीत कारण विचारले तर ‘कंपनीकडून वेतन अनियमित झाले’ एवढेच सांगावे. सध्याच्या काळात ते कोणालाही विचित्र वाटत नाही. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो आणि हप्ता थकला तर त्याआधीही, त्यामुळे घरच्यांसाठी स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात घ्यावी.

हाताखालच्या सहा जणांविषयी. त्यांना कंपनीचे अंतर्गत आकडे सांगण्याचा अधिकार आपल्याला नसेल, पण स्वतःचे पासबुक आणि २६एएस तपासा, पगारचिठ्ठ्या जवळ ठेवा, हे सांगण्यास कोणाची परवानगी लागत नाही. वरून आलेली आश्वासने आपल्या शब्दांत त्यांच्यापर्यंत पोहोचवू नका. ‘पगार १० तारखेला होईल’ असे आपण बोललात तर मुले ते संस्थापकांवर नव्हे, आपल्यावर विश्वास ठेवून ऐकतात आणि घरभाड्याचा शब्द देऊन बसतात. जे काही सांगायचे ते कंपनीने लेखी कळवावे असा आग्रह धरा आणि तेच पत्र त्यांना पुढे पाठवा. रिकाम्या झालेल्या जागांवर नवी भरती करण्यासाठी मुलाखती घ्या, असे अशा काळात मध्यम फळीला हमखास सांगितले जाते. थकलेले पगार चुकते होईपर्यंत त्या मुलाखती घेण्यास आपण नकार द्यावा, आणि तो नकारही ई-मेलवरच कळवावा.